चिखलाचं माप

पिकअप उंच करायचं खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते चिखलामुळे, आणि चिखलाशी त्याचं भांडण जुंपलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. सासऱ्यांना घरात आणि गल्लीत सगळे नाना म्हणत. मीही नानाच म्हणायची, पण दुसऱ्यांशी बोलताना. त्यांच्याशी मी थेट बोलत नसे. आमच्या रावेरकडच्या त्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन, तोंड बाजूला करून उभं राहायचं आणि जे काही सांगायचं ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, अशी रीत होती. "चहा झालाय," असं मी खांबाला सांगायची आणि नाना हात पुढे करून कप घ्यायचे. सासऱ्याला हात लावणं तर लांबच. मी धुळ्याकडची. आमच्याकडेही रीत होती, पण इतकी कडक नव्हती. पहिले काही महिने मला या खांबाशी बोलण्याचं हसू यायचं. मग सवय झाली, आणि त्यातली सोयही कळली. समोरासमोर एक शब्द न बोलता दोन माणसं एकमेकांना चांगली ओळखू शकतात.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात नाना आणि आम्ही दोघं. मुलं व्हायची होती. शेती केळीची, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं शेत गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे. त्या शेतात नानांनी नवरात्र झाल्यावर कांदेबाग लावला. कांदेबाग म्हणजे पावसाळा सरल्यावर लावतात तो केळीचा बाग. नावाशिवाय कांद्याचा त्यात काही संबंध नाही. त्याचे कंद नानांनी स्वतः निवडले. ढिगाऱ्याजवळ पोतं टाकून बसायचे, एकेक कंद हातात घेऊन वजन अजमावायचे, विळ्याच्या टोकानं खरवडून वास घ्यायचे आणि नापसंत असला तर मागे फेकून द्यायचे. मजूर कंटाळून जायचे. माझा नवरा म्हणायचा, नाना, कंद निवडताय की सून निवडताय? नाना म्हणायचे, सून निवडायले इतका वेळ नाही लागला. मी स्वयंपाकघरात हे ऐकायची आणि मला बरं वाटायचं.

बाग रुजला, पोटरीएवढा झाला आणि ऐन थंडीत नानांना झटका आला. डावी बाजू गेली. हात महिन्या-दोन महिन्यांनी बराचसा परत आला, पाय आला नाही. तो नुसता अंगाला लटकलेला राहिला. काठी टेकत, पाय ओढत ते ओट्यावरून अंगणात, अंगणातून मोरीत जात. आंघोळीचं पाणी मी काढून ठेवायची, पुढचं सगळं त्यांचं ते करत. धोतर नेसायला त्यांना इतका वेळ लागायचा की पाहणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. पण मुलानं मदतीला हात पुढे केला की काठी आपटायचे. मला त्यांचा हा हट्ट आवडायचा. मीही तशीच आहे. आजारी पडले की कुणी डोक्यावर हात ठेवलेला मला खपत नाही.

शेतात जायचं मात्र थांबलं होतं आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी नाना झुरत होते. बाग निसवताना त्यांना पाहायचा होता. केळीच्या पोटातून कमळ बाहेर येतं, वाकतं, त्याच्या एकेका पाकळीखाली केळ्यांच्या फण्या दिसू लागतात, त्याला आमच्याकडे निसवणं म्हणतात. शेतकऱ्याला केलेल्या कष्टाचं तोंड पहिल्यांदा दिसतं ते तेव्हा. नानांनी आयुष्यात किती बाग निसवताना पाहिले असतील. पण हा शेवटचा आहे, आपल्या हातचे कंद आता पुन्हा जमिनीत पडणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं आणि आम्हालाही. रोज संध्याकाळी मुलगा शेतातून आला की ते विचारायचे, "निसवला का?" आणि तो म्हणायचा, "अजून वेळ हाय, नाना." कांदेबाग निसवतो तो भर पावसाळ्यात. खरी अडचण तिथेच होती.

नाल्याचा रस्ता काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तो दगडासारखा, आणि पाऊस पडला की त्यात पाय घातला तर चप्पल आत राहून पाय बाहेर यायचा. बैलगाडी जायची, पण बैलगाडीचे धक्के नानांना बसता कामा नयेत असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मग राहिली पिकअप. आमची पिकअप जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी. तिच्यात बसायला नानांना काही अडचण नव्हती. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला यायची. ते दाराशी जाऊन पाठ फिरवायचे, सीटवर टेकायचे आणि मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दार लावून झालं की खिडकीतून बाहेर असे बघायचे, जसं काही झालंच नव्हतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीलाच एकदा नवरा त्यांना घेऊन निघाला आणि गाडी नाल्यात रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि जितकी फिरली तितकी खाली गेली. शेवटी कुणाचे तरी बैल आणून गाडी ओढून काढली. नाना सगळा वेळ आत बसून होते. लोक गुडघाभर चिखलात उभे राहून ढकलताहेत आणि आपण सीटवर बसलोय, याची त्यांना फार लाज वाटली. घरी आल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे आता. तूच पाह्य आणि मले सांग." माझा नवरा त्या दिवशी धड जेवला नाही. त्याचा बापावर फार जीव होता. तो बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याला काहीतरी करून दाखवायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी तो एक काठी घेऊन नाल्यावर गेला. जिथे गाडी रुतली होती तिथे काठी चिखलात दाबली, खालची टणक जमीन लागेपर्यंत, आणि चिखल जिथवर आला तिथे विळ्यानं खाच पाडली. ती काठी घेऊन तो घरी आला आणि मला म्हणाला, चल, जळगावला जाऊ, तुझ्या बहिणीकडे राहू, गाडी उंच करून आणू. माझी मोठी बहीण जळगावातच पिंप्राळ्याला राहायची. मेव्हणे नोकरीला होते, घर लहान, पण मन मोठं. गावातून बाहेर पडायला मिळतंय म्हणून मी लगेच पिशवी भरली. शेजारच्या काकूंनी नानांच्या जेवणाचं पाहायचं कबूल केलं.

गॅरेज हायवेला होतं. मी बहिणीबरोबर रोज डबा घेऊन जायची, त्यामुळे ते काम बऱ्यापैकी पाहिलं. गाडीच्या खाली लोखंडी पट्ट्यांचं जुडगं असतं, त्याला पाटे म्हणतात. गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर. मिस्त्रीनं त्या जुडग्यात आणखी पाटे घातले. पाटे आणि दोन चाकांना जोडणारा एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले, आणि ते आवळायला लांब बोल्ट वाकवून घेतले. ब्रेकचा पाइप पुरेना, तो लांब केला. मोठे टायर आणले ते लिलावातल्या एका जीपचे, जाड नक्षीचे. ते बसवले तर वळताना पत्र्याला घासायला लागले, म्हणून चाकावरचा पत्रा कापून कडा वळवल्या. प्रत्येक टप्प्याला माझा नवरा ती काठी घेऊन गाडीखाली शिरायचा आणि खाच एक्सलच्या खाली राहते का बघायचा. मिस्त्रीला त्याची गंमत वाटायची. तो म्हणाला, "भाऊ, उंच किती पण करा, ओढणार मागचीच चाकं. रिकामी नेली तर घसरेल. मागं वजन ठेवत जा." नवऱ्यानं मान डोलावली. त्याला सगळं पटत होतं, फक्त गाडी उंच झाली पाहिजे होती.

तयार झालेली गाडी पाहून माझी बहीण म्हणाली, "हाई गाडी शे का उंट शे?" मी खूप हसले. निघताना मला दाराला धरून, निऱ्या सावरत, स्वतःला वर खेचून घ्यावं लागलं. दुसऱ्या बाजूनं नवऱ्यानं हात दिला तेव्हा कुठे सीटवर पोचले. धडधाकट बाईला हात द्यावा लागला, आणि तरीही रस्ताभर आम्ही दोघं बोलत होतो ते नाल्याबद्दल. चिखल किती खोल आहे ते आमच्याकडे काठीवर कोरलेलं होतं. नानांचा पाय किती वर उचलला जातो ते माप घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

गाडी अंगणात आली तशी नाना काठी टेकत बाहेर आले. नवऱ्यानं नारळ फोडला. नाना गाडीभोवती एक चक्कर मारून आले, टायरला काठीनं टोचून पाहिलं, वाकून खालचे नवे पाटे पाहिले. मग ते दाराशी थांबले. सीट त्यांच्या छातीला आली होती. मी दारातून पाहत होते. त्यांनी सीटकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं तोंड आनंदानं नुसतं फुललं होतं.

"बरी झाली," नाना म्हणाले.

"उद्या जाऊ नाना. नाला आता काहीच नाही."

"पाहू उद्या," असं म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले.

उद्या त्यांच्या डोक्यात कळ होती. परवा एकादशी होती. मग कोणीतरी भेटायला येणार होतं, मग अंगात कसर होती, मग आभाळ फार भरून आलं होतं. तोवर गाडी नाल्यातून आरामात ये-जा करू लागली. मागे ओल्या वाळूची पोती टाकून नवरा ती रोज न्यायचा. खताच्या गोण्या तिनंच पोचवल्या. आमच्या दुसऱ्या शेतातला तयार माल तिनंच हायवेपर्यंत येऊ लागला. गावातली माणसं गाडी पाहायला थांबायची. आणि एक दिवस त्यानं येऊन सांगितलं, "नाना, निसवायले लागला." नाना म्हणाले, "हो का? चांगलं झालं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचा गुडघा दुखत होता.

नवऱ्याला ते लागलं. तो मला म्हणाला, "मी केलेली कोणतीच गोष्ट त्यांना पटत नाही. जुनी होती तेव्हा बसायचे, आता एवढी केली तर येत नाहीत." मला वाटलं असेलही तसं. बापलेकांमध्ये अशा गाठी असतात, त्यात सुनेनं बोट घालू नये.

मग एका दुपारी नवरा जेवून झोपला होता. मी मागच्या पडवीत धान्य निवडत होते आणि अंगणातून काठी पडल्याचा आवाज आला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. नाना गाडीचं दार उघडून उभे होते. पाठ फिरवून त्यांनी टेकायचा प्रयत्न केला, पण टेकायला सीटच नव्हती तिथे. मग ते तोंड आत करून उभे राहिले, उजवा पाय पायरीवर ठेवला, दार धरलं आणि वर ओढून घ्यायला गेले. पण उजवा पाय वर ठेवला की सगळा भार डाव्यावर, आणि डावा काही त्यांचा राहिलाच नव्हता. ते बाजूला कलले आणि दाराला लटकून राहिले. थोडा वेळ तसेच. मग पुन्हा केलं. मला ते बघवेना आणि तिथून हलवेनाही. शेवटी त्यांनी दार हळूच लावलं, आवाज होऊ न देता, आणि काठी उचलायला ते इतक्या सावकाश वाकले की मी तोंडात पदर घातला. चोरी करताना सापडू नये म्हणून जपावं तसं ते जपत होते, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीशी.

मी त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं. त्यानं अंगणात जाऊन सीटची उंची हातानं मोजली. मग म्हणाला, "मला सांगायचं ना त्यांनी." मी म्हणाले, "तुम्ही त्यांच्यासाठी केली. कसं सांगतील?" गाडी पुन्हा खाली करावी असंही बोलणं झालं. पण मग नाला आडवा येत होता. खाली केलेली गाडी बागापर्यंत जाणार नाही, उंच केलेल्या गाडीत नाना चढणार नाहीत. शिवाय आता सगळं काम त्या गाडीवर चालू झालं होतं. पाऊस संपला की उतरवू, असं ठरलं. चौरंग ठेवून पाहिला, पण चौरंगावर चढायलाही एक क्षण डाव्या पायावर उभं राहावं लागतंच. नाना म्हणाले, "कशाला खटाटोप."

शेवटी नवऱ्यानंच मार्ग काढला. घड वाहणाऱ्या टोळीतले दोघंतिघं एका सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. डोक्यावर चुंबळी, खांद्यावर फडकी, अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांचा म्होरक्या नानांच्या वयाचाच, त्यांच्याच हाताखाली राबलेला. तो म्हणाला, "नाना, दोन्ही हात आमच्या खांद्यावर टाका, बाकी आमी पाहतो." नाना माझ्या नवऱ्याकडे पाहत राहिले. नाही म्हणायची सोय नव्हती. अंगणात माणसं उभी होती, मुलगा आशेनं पाहत होता. त्यांनी हात टाकले. त्या माणसांनी त्यांना काखेतून आणि गुडघ्याखालून धरलं, एकानं "हां, आता" म्हटलं आणि नाना सीटवर जाऊन बसले. म्होरक्या हसून म्हणाला, "घडापेक्षा हलके भरले." सगळे हसले. नानाही हसले, पण फक्त तोंडानं. टोळी मागे चढली आणि गाडी गेली.

बागात काय झालं ते मला संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं. तो फार खुशीत होता. बांधाला गाडी उभी केली. नाना खाली उतरले नाहीत; म्हणाले, इथूनच चांगलं दिसतं. आणि दिसतही होतं म्हणे. उंच सीटवरून कमळं अगदी डोळ्यांसमोर येत होती, काही झाडांच्या दोन-चार फण्या उघडल्या होत्या. नानांनी कुठल्या ओळीला पाणी कमी पडलंय ते तिथून ओळखलं. बांधाकडच्या ओळीतले कंद दुसऱ्या ढिगातले होते, तेही ओळखलं. टोळी कामाला शेतातच राहिली आणि बापलेक दोघंच परत आले. "कितीतरी दिवसांनी नाना माझ्याशी नीट बोलले," असं तो म्हणाला. ते ऐकत मी भाकरी थापत होते. वर पाहायची माझी हिंमत झाली नाही, कारण परत आल्यावरचं त्याला माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाडी अंगणात उभी राहतेय तोच व्यापाऱ्याचा माणूस फटफटीवर येऊन थडकला. हायवेला ट्रक भरायचा अडला होता, आमचा माल अर्धा खाली पडून होता आणि ड्रायव्हर निघतो म्हणत होता. नवऱ्यानं नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "तू जाय. मी बसतो. हवा लागते इठी." नवरा म्हणाला, आलोच, वाटेत कुणाला तरी पाठवतो, आणि फटफटीवर मागे बसून गेला. कुणी आलं नाही. पावसाची उघडीप असलेली दुपार, गल्लीतला एकूण एक माणूस शेतात. गल्लीत म्हाताऱ्या बाया आणि कुत्री.

मी पाण्याचा तांब्या नेला. हात उंच करून तो खिडकीत धरावा लागला. नाना पाणी प्यायले. मी जेवणाचं विचारलं, दाराच्या कडीला. ते म्हणाले, नको, उतरल्यावर. थोड्या वेळानं मी पुन्हा गेले. दोन्ही दारं उघडून ठेवली, सावलीसाठी पुढच्या काचेवर जुनं लुगडं टाकलं. कडीलाच सांगितलं, की गल्लीच्या टोकाला कुणी दिसतंय का पाहते, कुणालातरी बोलावते. नाना पटकन म्हणाले, "कोणाले बलावू नको. तू जाय घरात." त्यांचा आवाज असा होता की मी घरात गेले. पण दारातच उभी राहिले. ऊन अंगणातून सरकलं, भिंतीवर गेलं. नाना समोर बघत ताठ बसले होते. मधूनमधून पायरीकडे बघायचे, मग पुन्हा समोर.

नंतर मी पाहिलं, गाडीच्या पायरीवरून पाणी ठिबकत होतं. आधी मला वाटलं, तांब्यातलं सांडलं असेल. पण तांब्या मी केव्हाच परत आणला होता. नानांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवरच्या धोतराची मूठ धरून होता.

मग मला रीत आठवली नाही की काही नाही. मी पदर कमरेला खोचला. लहानपणी आमच्या शेतात मी कापसाची गाठोडी पाठीवर घ्यायची, तसं दाराशी जाऊन पाठ फिरवली, थोडी वाकले आणि म्हणाले, "नाना, माझ्या गळ्यात हात घाला." थेट त्यांना उद्देशून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांचे हात माझ्या गळ्याशी आले. मी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं, मोरीपर्यंत नेलं, कठड्यावर कोरडं धोतर ठेवलं आणि बाहेर आले. ते खरंच हलके होते. आत पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, फार वेळ. मी तोवर गाडीची सीट धुतली, पायरी धुतली, अंगणात बादलीभर पाणी फेकलं. माझं लुगडंही बदललं. रडूही आलं, पण ते रागाचं होतं. राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. ज्यानं हे केलं त्यानं प्रेमानं केलं होतं.

मोरीतून बाहेर आल्यावर नाना भिंत धरून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याले सांगू नको." मी भिंतीकडे बघून "नाही" म्हणाले. नवऱ्यानं संध्याकाळी सीट ओली का म्हणून विचारलं तेव्हा मी चिखल होता म्हणून सांगितलं. नानांना कुणी उतरवलं असं त्यानं विचारलं. रस्त्यानं जाणारे दोघं होते, असं मी म्हणाले. तो सुस्कारा टाकून हात धुवायला गेला.

त्यानंतर नानांनी बागाचं नाव काढलं नाही. "निसवला का" संपलंच, पण पुढचंही काही विचारत नसत. फण्या किती पडल्या, माल कसा भरतोय, काही नाही. नवरा आपण होऊन सांगायचा, ते ऐकून घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. गाडी अंगणात असली की ते ओट्यावर पाठ करून बसायचे. पाऊस संपला. घड भरले. दिवाळीच्या आगेमागे कापणी लागली, आणि पहिल्या दिवशीचा सगळ्यात मोठा घड नवऱ्यानं बाजारात न पाठवता घरी आणला. स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि नानांसमोर ओट्यावर पानं अंथरून ठेवला. असा घड मी त्या घरात पुन्हा पाहिला नाही. फण्या एकीवर एक घट्ट, केळं हाताएवढं, देठ मनगटाएवढा.

नानांनी घडावर हात ठेवला. बोटांनी एक केळ चाचपलं. मग विचारलं, "कोणाच्या बागातला?"

"तुमच्याच नाना. कांदेबागातला. तुमी पाह्यला ना निसवताना."

"मी?" नाना म्हणाले. "मी कुठी पाह्यला? मी नाही गेलो."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. आपण गाडीत नेलं होतं, बांधाला उभे होतो, तुम्ही ओळी ओळखल्या, असं सगळं त्यानं सांगून पाहिलं. नाना शांतपणे म्हणाले, "नाही. मी काई तो बाग पाह्यला नाही." आणि घडावरचा हात काढून घेतला.

नवरा आत आला. त्याचा चेहरा उतरला होता. मला म्हणाला, "गेले होते ना ते? तुझ्यासमोरच गेले." मी म्हणाले, "गेले होते." "मग असं का म्हणतात?" ओटा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा, बाहेर सगळं ऐकू जात होतं. मला एकच उत्तर देता येत होतं. मी म्हणाले, "आठवत नसेल. वय झालं." त्यानं आज विचारलं तरी मला तेच सांगावं लागेल.

त्या एका वाक्यानं नानांचं सगळं बदललं. नवऱ्यानं ते भाऊबंदांना सांगितलं, त्यांनी गल्लीत. लोक नानांशी मोठ्यानं, तुकड्यातुकड्यानं बोलू लागले. शेतातलं काही त्यांना विचारेनासे झाले. गाडी खाली उतरवायचं ठरलं होतं, तेही मागे पडलं. आता नानांना काय कळतंय, असं नवरा एकदा दुःखानं म्हणाला. ओट्यावर बसलेल्या नानांनी ते ऐकलं. मी वाट पाहिली, की ते काठी आपटतील. त्यांनी आपटली नाही.

थंडीत त्यांना पुन्हा जळगावला डॉक्टरांकडे नेलं, भाड्याच्या जीपनं. मीही होते. विसरतात, असं नवऱ्यानं सांगितलं. डॉक्टर पुढे वाकून मोठ्यानं म्हणाले, "नाना, आज वार कोणता?" त्या सकाळीच निघताना नानांनी दूधवाल्याला सांगितलेलं मी ऐकलं होतं, आज गुरुवार, माझा उपास, दूध जास्त घाल. नानांनी मान वळवली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "नाही सांगता येत."